भाऊंचं पथ्य

आज सकाळी शेजारचे भाऊ टेकडीवरून फिरून येताना दिसले. साठीतही ताठ, सडसडीत. त्यांनी मधुमेह आटोक्यात आणला, याचं सगळ्या सोसायटीला केवढं कौतुक! पण ते चालत असतात तेव्हा घरी कोण राबतंय, हे कुणी विचारत नाही. वहिनी त्यांच्यासाठी ज्वारीच्या भाकऱ्या थापतात, आणि मुलांचा उरलेला भात टाकवत नाही म्हणून ओट्याशी उभ्यानंच स्वतः संपवतात.

मी डबा परत द्यायला गेले, तर वहिनी हळूच म्हणाल्या, "मलाही साखर निघाली. डॉक्टर म्हणतात, वजन उतरवा."

"मी केव्हाचा सांगतोय," भाऊ बूट काढत म्हणाले, "चालायला जात जा. आळस नडतो माणसाला."

वहिनींनी त्यांचं ताट वाढलं.

"बसा," त्या म्हणाल्या, "भाकरी गार होतेय."