मामूंचे शुक्रवार

आमच्या मामूंइतका चिवट माणूस अल्लानं दुसरा घडवला नसेल. शारजात रोल्ला म्हणतात त्या वडाजवळ त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. साठच्या दशकातली गोष्ट. डांबरी रस्ते अजून यायचे होते. मी एका व्यापाऱ्याची लँडरोव्हर हाकायचो. आठवडाभर हाडं खिळखिळी झाल्यावर शुक्रवारी माणसानं झोपावं की नाही? पण मामू माझ्या मालकाला मस्का लावून गाडी मागून घ्यायचे आणि पहाटे फजरची नमाज झाली की दारात हजर. “यल्ला, ऊठ रे! डोंगर काय तुझ्यासाठी थांबणार हायत?” आता डोंगर दुसरं करणार तरी काय, सांगा!

मग फुजैराकडच्या कोरड्या नद्यांमधून दगडधोंड्यांवर आदळत जायचं. तिथल्या खडकांवर फार जुन्या काळी कुणीतरी उंट, घोडेस्वार कोरून ठेवलेत. मामू आधी गळ्यातली टेप काढून स्वाराचं माप घेणार. “खांदा उतरलाय ह्याचा. कोट शिवला तर झोळ पडंल.” मग खडकावर मांजरपाट ताणून वरून कोळसा घासायचा, की चित्र कापडावर उमटे. कापड धरून बसायचं काम माझं. वर ऊन, खाली तापलेला दगड, मधे मी भाजतोय. एकदा वैतागून म्हणालो, “मामू, खलास करा आता!” तर म्हणाले, “मी हिकडं काय बघतो, कसा ऱ्हातो, ते तुझ्या मामीला तू सांगशील?”

खरंच होतं ते. मामू-मामी दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि परक्याकडून लिहून घेतलेल्या पत्रात माणूस मनातलं काय बोलणार? रत्नागिरीकडे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळावर, कातळात कोरलेल्या असल्याच चित्रांजवळ दोघांनी लहानपणी शेळ्या राखल्या होत्या. म्हणून ही चित्रं तिला बरोब्बर कळतील, असं मामू छातीठोक सांगायचे. वर्षभराची कापडं गावच्या माणसांबरोबर बोटीनं मामीकडे गेली.

त्यातला एकजण परत आला तो हसतच. “मामी लई खूश! कापड मळकं होतं म्हणाली, पण रिठ्यात उकळून पांढरंशुभ्र केलं. उशांचे अभ्रे शिवले. अजून पाठवा!” परदेशातून कापड आल्यावर आमच्याकडची कुठलीही बाई हेच करणार. मला हसू फुटलं, पण मामूंचं तोंड पाहून ते आवरलं.

सुटलो एकदाचा, म्हणून मी त्या शुक्रवारी पांघरूण ओढून घेतलं. तर मामू दारात, हातात सुई आणि काळा दोरा. पुन्हा डोंगर गाठला. घरी नेताना कोळसा वाटेतच पुसला जाईल म्हणून ते तिथंच खडकापाशी बसले आणि एकेका उंटाची रेघ टाक्यांनी भरत राहिले. डोळे अधू झाले होते. दोरा मी ओवून द्यायचो. शेवटचा टाका दातानं तोडून म्हणाले, “आता धू म्हणावं.”

काही महिन्यांनी मामीचा निरोप आला. “चित्रं कळली. आपल्या सड्यावरच्यासारखीच हायत. आता आणखी नकोत. तुम्ही कधी येताय, तेवढं सांगा.”

मामू हळूच “इन्शाल्ला” म्हणाले आणि कुणा अरबाच्या पायघोळ कंदुऱ्याचा गळा बेतायला बसले. मला राहवेना. त्या शुक्रवारी पहिल्यांदाच मी स्वतः मालकाकडून गाडी मागून आणली आणि दुकानासमोर उभी केली. मामूंनी मान वर केली नाही.

“आज नको रे,” म्हणाले. “आज दमलो.”