पुडी म्हणजे गोळी नव्हे

वयाची पंच्याहत्तरी ओलांडेपर्यंत मी एकही गोळी पोटात जाऊ दिली नाही. हे मी अभिमानाने सांगत आलो आणि आजही सांगतो, फक्त आता जरा आवाज खाली ठेवून. आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगीखाली बाकड्यावर माझ्या वयाचे पाचसहा जण बसतात. प्रत्येकाच्या खिशात गोळ्यांची डबी, सकाळ, दुपार, संध्याकाळ असे खण पाडलेली. मी त्यांना म्हणायचो, "तुमी जेवता कंदी? पोट तर गोळ्यांनीच भरतंय तुमचं." ते ऐकून घ्यायचे. कारण तिसऱ्या माळ्यावर जिन्याने चढणारा त्यांच्यात मी एकटाच होतो.

गुडघे माझेही दुखायचे. उभा जन्म मिठागरात, खाऱ्या चिखलात पाय रोवून गेला, दुखणारच. पण माझ्याकडे पुडी होती. हायवेला तंबू ठोकून बसणारा एक जडीबुटीवाला ती द्यायचा. करड्या रंगाचं चूर्ण, कोमट पाण्यातून घ्यायचं. अर्ध्या तासात गुडघा असा मोकळा व्हायचा, जसा काही दुसऱ्याचा काढून मला लावलाय. झाडपाल्याची ताकद काय असते यावर मी बाकड्यावर भाषणं दिली. दोन वर्षं दिली.

मग पायांना सूज आली. चपलेत पाय जाईना. सूनबाईने मला न विचारता रिक्षा बोलावली आणि पनवेलला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, कागद दोनदा वाचले.

"आजोबा, किडन्या थकल्यात तुमच्या. पेनकिलर किती घेता?"

"घेत नाय."

"कधीतरी? गुडघ्यासाठी?"

"कंदीच नाय."

"एखादी गोळी, मेडिकलमधून..."

"डॉक्टर, तुमाला कमी ऐकू येतं का?"

"बाबा!" सूनबाई ओरडली. डॉक्टर हसले, पण पुढचं हसत बोलले नाहीत. म्हणाले, "दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीची जशी वाट लागते, तशीच तुमची लागलीय. ज्याने हे झालं ते थांबवलं तर अजून सावरेल. नाही थांबवलं तर आठवड्यातून तीन वेळा मशीनवर पडून राहायचं, मरेपर्यंत."

"जे घेतच नाय ते थांबवू कसा?"

"ठीक आहे. तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. रक्तालाच विचारू."

रक्तात गोळी सापडते हे मला ठाऊक नव्हतं. माझा समज असा की गोळी रात्री पोटात जाते आणि सकाळी आपल्या वाटेने निघून जाते. लॅबमध्ये एक बाई होती, चष्म्यातली, शांत. तिने फॉर्म पुढे घेतला.

"बाबा, शेवटची गोळी किती वाजता घेतली?"

"घेतली नाय."

"वेळ लिहावी लागते. औषध रक्तात चढतं, मग उतरतं. वेळ कळली तर आकड्याला अर्थ."

"मंग लिवा, जन्मात नाय."

तिने त्या रकान्यात आडवी रेघ मारली. मी खाली सही केली. चौथीपर्यंत शिकलोय, पण सही झोकात करतो, आणि खोट्या कागदावर कधी केली नाही.

चार दिवसांनी निकाल आला. रक्तात दुखण्याचं औषध होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच होतं.

मी तडक लॅब गाठली. म्हटलं, बाटल्यांची अदलाबदल झालीय, हे रक्त आमच्या बाकड्यावरच्या कोणाचं तरी आहे. बाई चिडली नाही. तिने मला खुर्ची दिली आणि संगणकावर एक रेघ दाखवली. आधी रक्त गरगर फिरवतात, लाल खाली बसतं, वर पिवळं पाणी राहतं. ते पाणी यंत्राच्या बारीक नळीतून सोडतात. त्यातली एकेक चीज आपापल्या वेळेला नळीतून बाहेर पडते, आणि पडली की रेघ वर चढते. जेवढं औषध, तेवढं टोक उंच. माझं टोक सुईसारखं उभं होतं.

तिथेच माझी पंचाईत झाली, कारण मला ते पटलं. मिठागरात हेच तर असतं. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत न्यायचं. आधी गाळ बसतो, मग चुनखडी, मग मीठ, आणि शेवटी उरतं ते कडू पाणी. आपली पाळी सोडून कोणी कोणाच्या आधी येत नाही. मी पाणी जिभेवर घेऊन सांगायचो, मीठ धरायला किती दिवस आहेत. तेव्हा यंत्राला खोटं म्हणणं म्हणजे माझ्याच धंद्याला खोटं म्हणणं. मग उरली बाटली.

"यंत्र बरोबर हाय," मी म्हणालो. "रक्त माझं नाय."

परत तपासायचं ठरलं, पण माझ्या अटींवर. आठ दिवस मी घराबाहेर पडणार नाही. सूनबाई देईल तेच खाईन. ती सगळं वहीत लिहील. मग माझ्या डोळ्यांदेखत रक्त काढायचं आणि बाटलीवर नाव मी घालणार. डॉक्टर म्हणाले, उशीर परवडणारा नाही. मी म्हणालो, माझा शब्द खोटा पडणं पण परवडणारं नाही.

आठ दिवस मी कैद्यासारखे काढले. खाली उतरलो नाही, शेजारचा चहा नाकारला. घरात बसून गुडघे आखडले, म्हणून पुडी सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा घेतली. तपासणीच्या दिवशी, लॅबमधल्या बाईसमोर लंगडायला नको म्हणून, निघायच्या आधी आणखी एक घेतली. बाटलीवर नाव मी माझ्या हाताने घातलं, तीन ओळींत, वडिलांच्या नावासकट.

टोक पहिल्यापेक्षा दुप्पट आलं.

डॉक्टरांनी वहीसाठी हात पुढे केला. सूनबाईने वही दिली. ते मोठ्याने वाचू लागले. "चहा. अर्धी भाकरी, सुकटीची चटणी. पुडी. भात, वालाचं बिरडं. चहा. पुडी." ते थांबले. "ही पुडी कसली?"

"पुडी म्हंजे पुडी," मी म्हणालो.

"कशाची?"

"चूर्ण हाय. गुडघ्याला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सूनबाईकडे वळले. "अहो ताई, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी गोळीचं इचारलंत," सूनबाई म्हणाली. "पुडीचं कोणी इचारलं?"

मला माझ्या सुनेचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिच्या लग्नातही वाटला नव्हता.

उरलेल्या पुड्या लॅबमध्ये गेल्या. त्यांचंही टोक निघालं. बाईने माझ्या रक्ताची रेघ आणि पुडीची रेघ एकमेकांवर ठेवली, तर दोन टोकं दिसेनात, एकच दिसलं. झाडपाला होता त्यात, चवीपुरता.

"आजोबा," डॉक्टर म्हणाले, "ही गोळीच आहे. कुटलेली."

"म्हंजे मी खोटा नाय."

"नाय हो बाबा," सूनबाई म्हणाली, "तुमी खरेच. खलबत्ता खोटा."

मी हायवेला गेलो. तंबू तिथेच होता. त्याच्यापुढे कागद धरला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं, कागद उलटा-सुलटा पाहिला.

"आजोबा, आठवा जरा. पहिल्या दिवशी मी तुमच्या हातावर गोळीच ठेवली होती. तुम्हीच म्हणालात, गोळी नको, गोळीला मी हात लावत नाय. मग मी काय करणार? दुखतंय तर म्हणत होता."

मला ते आठवलं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. त्याला दोन शिव्या दिल्या, पण त्यांत जोर नव्हता.

पुडी बंद केली. सूज उतरली. महिन्याने पुन्हा रक्त दिलं. निकालावर लिहिलं होतं, औषध आढळलं नाही. किडन्या पहिल्यासारख्या झाल्या नाहीत, पण मशीन लांबलं. माझा शब्द आणि कागद पहिल्यांदाच एका बाजूला आले, आणि त्याच दिवशी मला लॅबच्या चार पायऱ्या सूनबाईच्या खांद्याला धरून उतराव्या लागल्या.

बाकड्यावर मीच सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. एकाने बोटं मोजली. "म्हंजे आमी दुखण्याची दिसाला एक गोळी घेत होतो, आणि तू त्या आठ दिसांत दोन-दोन?"

"न कळता," मी म्हणालो.

"आमी निदान पाण्याबरोबर घेतो. तू भाषणाबरोबर घ्यायचास."

डॉक्टरांनी आता किडनीला चालेल अशी एक साधी गोळी लिहून दिली आहे, फार दुखलं तरच, आणि मोजून. पाकीट आठवडाभर फडताळात पडून होतं. परवा जिन्यात गुडघा अडकला, दुसऱ्या माळ्यावर मी पायरीवर बसून राहिलो आणि शेजाऱ्यांनी उचलून घरात आणलं. सूनबाईने पाकीट फोडलं, पाणी आणलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, कुटून देऊ?"

"नको," मी म्हणालो. "अख्खी दे."