सोनू रामाचं ब्राँझचं पदक

माझे पणजोबा सोनू रामा सरकारी आगबोटीवर झाडूवाले होते. हे वाक्य मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा लिहितोय, आणि तेही अमेरिकेत, एडिसनमधल्या घराच्या बेसमेंटमध्ये, दार लावून.

हर्णै बंदरातून ते सतराव्या वर्षी मुंबईला गेले आणि बोटीवर लागले. व्हिक्टोरिया राणीचा अंमल होता. १८८५ साली ब्रह्मदेशात लढाई झाली, तेव्हा त्यांची बोट इरावती नदीतून पलटणी वर नेत होती. डेक धुणं, संडास साफ करणं, ही त्यांची कामं. बोटीवर कॉलरा आला तेव्हा आजारी सोल्जरांची अंथरुणं उचलायला कोणी पुढे होईना. ती सोनूंनी उचलली. मेलेले सोल्जरही त्यांनीच उचलले. बावीस वर्षांची नोकरी करून ते कायमचा खोकला आणि एक पदक घेऊन गावी परतले. मुलाला त्यांनी शाळेत घातलं. तो वर्गाबाहेर पडवीत बसून शिकला, पण शिकला. पुढे त्याने गावावरून हर्णेकर हे आडनाव घेतलं. त्यातून जात कळत नाही.

पदक ब्राँझचं होतं. लढणाऱ्यांना चांदीचं आणि स्वयंपाकी, भिस्ती, झाडूवाले यांना ब्राँझचं, असा सरकारचा नियम. कडेवर इंग्रजीत हुद्दा आणि नाव कोरलेलं: स्वीपर सोनू रामा. माझे वडील दापोलीला शिक्षक होते. मी अमेरिकेला निघालो तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "विनय, हे लपवू नकोस. हे कोणी दान दिलेलं नाही, कमावलेलं आहे."

मी ते अठ्ठावीस वर्षं मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मग एकदा इथल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष शैलेंद्र, त्याच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. पूर्वजांच्या गप्पा रंगल्या. कुणाचे पेशव्यांच्या दरबारात, कुणाचे होळकरांच्या. मलाही राहवलं नाही.

"माझे पणजोबा नेव्हीत होते. त्यांचं मेडल आहे माझ्याकडे."

"क्या बात है! रँक काय?"

"गनर," मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही, याचीच मला आज जास्त शरम वाटते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मला ती झाकून ठेवण्याचीही अक्कल नव्हती. महिन्याभरात मंडळाने घरोघरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं आणि शैलेंद्रचा फोन आला. "विनय, यार, ते मेडल तर मस्ट आहे. मी फ्लायरमध्ये टाकलंय, आता कॅन्सल करू नकोस."

गनरचं पदक ब्राँझचं कसं? कुणी गूगल केलं तर? मी आयसेलिनला, ओक ट्री रोडवरच्या सोनाराकडे गेलो. आपण देवाची उपकरणी उजळायला देतो, तसं ते पदक त्याला दिलं आणि चांदीचा मुलामा द्यायला सांगितलं. त्याने कड निरखून पाहिली. "अंकल, किनारी पे नाम है. पॉलिश में चला जाएगा."

"जाने दो," मी म्हणालो. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी माणसाला. मला फक्त जनाची होती.

घरी आल्यावर देवयानीने, माझ्या बायकोने, ते चकचकीत पदक हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर ठेवलं. प्रदर्शनाला ती आली नाही.

प्रदर्शनात माझ्या टेबलाशी एक तरुण बराच वेळ उभा राहिला. अमेय नाव, मूळचा मुंबईचा, दोन वर्षांपूर्वी आयटीत नोकरीला आलेला.

"काका, हे बर्माच्या लढाईचं ना? माझे खापरपणजोबापण होते त्या बोटींवर. स्वीपर होते." चार लोकांत, सरळ आवाजात त्याने सांगितलं. तो शब्द असाही उच्चारता येतो, हे मला माहीतच नव्हतं. "आमचं मेडल ब्राँझचं होतं. आजोबांनी लाजेपोटी मोडीत दिलं. मी तीन वर्षं शोधतोय, एक तरी बघायला मिळावं म्हणून. तुमच्या घरी कधी आमच्या लोकांचा विषय निघायचा का?"

तो जे शोधत होता ते मुलाम्याखाली त्याच्या समोरच पडलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. शेजारी शैलेंद्र कौतुकाने उभा होता.

"नाही रे," मी म्हणालो. "तसं काही आठवत नाही."

त्याने मान हलवली. मग हात पुढे केला आणि पदकाच्या वीतभर अलीकडेच थांबवला.

"काका, हात लावला तर चालेल?"

आणि मी, सोनू रामाचा पणतू, मोठ्या मनाने म्हणालो, "चालेल."