तो भाग परत लाव

तारापूरच्या किनाऱ्यावर तेव्हा केबल नुकतीच आली होती. आमच्याकडं टीव्ही नव्हता, शेजारणीकडं होता. तिची पोरं संध्याकाळी एक इंग्रजी कार्टून बघायची. देवादिकांचं नाही हो, साध्या संसारी माणसांचं. जाडा बाप, वैतागलेली आई, वांड पोरं. कित्येक वर्षं चाललीय म्हणे ती मालिका, पण त्यातलं तान्हं बाळ काही मोठं व्हायचं नाही. भाषा कोणालाच कळत नव्हती. कोणी आपटला की हसायचं, एवढंच.

मला त्यात काय गोडी असणार? माझा धाकटा दीर होडीवरून पडून गेला होता. आमचे हे त्याच होडीत होते. दोरी फेकली, ती त्याच्या हाताला लागली नाही. देहही मिळाला नाही. तेव्हापासून होडी वाळूवर ओढून ठेवलेली, जाळ्याला हात नाही, तोंडात शब्द नाही. जेवायला बसले की बोटानं शेजारची जागा दाखवायचे. तिथं मी दिराचं ताट वाढायची. ते गार होईपर्यंत हे त्याच्याकडं बघत राहायचे आणि स्वतःचं ताट तसंच टाकून उठायचे. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. एकाला समुद्रानं नेलं, दुसरा माझ्या चुलीपुढं उपाशी मरणार, हेच रोज डोक्यात.

शेजारीण म्हणाली, "आन गो त्याला आमच्याकडं. भिंतीकडं बघतो त्यापेक्षा टीवीकडं बघंल."

नेलं. त्या दिवशीच्या भागात तो जाडा बाप नेमका बोटीतून समुद्रात पडला. मी यांचा दंड धरून उठवायला लागले. तर बुडबुडे आले, काळोख झाला, आणि पुढच्या क्षणाला तो घरात, कोचावर, कोरडा ठणठणीत, खातोय! पोरं खिदळली. आणि हे... हे हसले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "परत लाव."

"परत नाय लागत तो, काका."

घरी येईपर्यंत तेच. परत लाव, परत लाव.

आता मला काय ठाऊक? आमचा केबलवाला दुपारी स्वतःच्या चॅनलवर कॅसेट लावायचा, चिठ्ठी पाठवली की मागाल तो पिक्चर. मला वाटलं, हेही त्याच्याकडंच असणार. सकाळी मासळीच्या पाटीत चांगले सुके बोंबील वेगळे बांधले आणि बोईसरला बाजाराआधी त्याच्या दुकानात शिरले.

"मावशी, त्याची कॅसेट नसते," तो म्हणाला. "ते वरून येतं, आकाशातून. मी नुसती वायर जोडतो."

"वरून म्हंजे कुठनं? कोनाला भेटू ते सांग. मी जाते."

तो हसायला लागला.

"हस! माझा मानूस मरतोय, तू हस." बोंबलांची जुडी मी त्याच्या टेबलावर आपटली. "तोच भाग लाव. दुसरं काय मागत नाय मी."

त्याचं हसू गेलं. जुडी उचलून त्यानं माझ्या पाटीत ठेवली. "माझ्या हातात असतं तर आत्ता लावला असता, मावशी. पुढच्या आठवड्यात नवा भाग येईल, तो दाखवा."

त्या दिवशी बाजारात मी एकाही गिऱ्हाइकाशी भांडले नाही. बाकीच्या बायका बघतच राहिल्या.

पुढच्या आठवड्यात यांना परत नेलं. नव्या भागात तो बाप शेजाऱ्याशी भांडत होता. समुद्र नाही, बोट नाही. तो पडला होता याची त्याच्या घरात कोणाला आठवणसुद्धा नाही. हे शेवटपर्यंत वाट बघत बसले. मग पोरांना विचारलं, "हा बुडला होता ना?"

"तो सारखा मरतो, काका. पुढच्या टायमाला येतो परत. चित्रातला हाय ना तो."

"चित्रातला," हे म्हणाले, आणि उठले.

घरी मी दोन ताटं वाढली. दिराचं ताट यांनी आपल्याकडं ओढलं. "तो नाय येनार गो," म्हणाले, आणि पहिल्यांदा रडले. लहान पोरासारखे, नाक पुसत, हुंदके देत. आणि रडता रडता त्याच ताटात हात घातला.

मी तोंड चुलीकडं फिरवलं. मग तसाच हात मागं करून त्या ताटात आणखी भात वाढला.