ओगराळ्याच्या बाई

आमच्या शाळेत माठाला हात लावायचा हक्क एकट्या बाईंचा होता. पोरं रांगेनं ओंजळ धरत, बाई ओगराळ्यानं वरून पाणी ओतत. पाटलाच्या नातवालाही ओंजळच, बौद्धवाड्यातल्या सुमनलाही ओंजळच. गावानं त्यांचं नावच ‘ओगराळ्याच्या बाई’ पाडलं होतं. आता निवृत्त होऊन संगमनेरला लेकीकडं असतात.

तिसगावजवळच्या त्या शाळेत मी दुष्काळाच्या सालात रुजू झालो. पहिलीच नोकरी. पिशवीत कपडे कमी, चळवळीची पत्रकं जास्त. वरून पाणी ओतणं म्हणजे सरळ शिवाशीव! बाई वयानं आईएवढ्या, तरी तोंडावर म्हणालो, “हा भेकडपणा आहे.”

“व्हय गुरुजी, भित्री हाय मी,” बाई म्हणाल्या. “पन माझ्या रांगेत कुनी तहानलेलं ऱ्हात न्हाई. तुमचं भाषन झालं की या, घसा कोरडा पडला आसंल.”

एकदा बाई मीटिंगला तालुक्याला गेल्या. मी डाव साधला. समतेवर दणकून बोललो आणि माझ्या चौथीतल्या सुमनला पुढं बोलावलं. “माठात बुडव पेला.”

“नगं गुरुजी.”

मी तिचा हात धरून पेला बुडवला. टाळ्याही मीच वाजवल्या.

संध्याकाळी गावातल्या चौघांनी येऊन माठ फोडला. माठ बाटला म्हणणारे गुन्हेगार आहेत, हे मी आजही चौकात उभा राहून सांगेन. पण त्यांनी मला बोट लावलं नाही. ‘तुझ्यापायी माठ फुटला’ म्हणत पोरींनी ढेकळं मारली ती सुमनला. तिची शाळा सुटली. माझा पगार चालूच.

बाईंनी परत आल्यावर एवढंच विचारलं, “पोरीला इचारलं हुतं का?”

मग मला घेऊन त्या दुष्काळी कामावर गेल्या. आईशेजारी खडी फोडत बसलेली सुमन आम्हाला बघून उठली.

“बाई, चुकलं माझं. परत न्हाई हात लावनार. यिऊ का साळंत?”

सरकारला जाब विचारणारा मी. बाईंच्या मागं सरकलो. बाई खाली बसल्या, तिची चिंधी बांधलेली बोटं हातात घेतली.

“तुजं न्हाई गं. गुरुजींचं चुकलं. त्यास्नी माफ कर.”

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी खडीकडं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. चौथीतली पोर, बाईंच्या दुसरीच्या वर्गात जाऊन बसली. मी हाक मारली नाही.