आज्याचा इस्त्रीचा शर्ट आणि मिठागराच्या रेषा

घाट उतरून गाडी पनवेलजवळ आली आणि लांबून कर्नाळ्याचा सुळका दिसला. 'ही झाली उभी रेषा!' मी मनात म्हटलं. शिकवायला निघालेल्या माणसाला जगभर आपलाच विषय दिसतो. शेजारच्या बाईंच्या साडीचे काठसुद्धा मी तपासून घेतले.

माझी मावसबहीण मंजू नवीन पनवेलला राहते. तिने सोसायटीत मुलांसाठी सुट्टीतला फोटोवर्ग काढला होता आणि ''पुण्यात बसून काय फोटो काढतेस, इथे येऊन शिकव,'' असा मला हुकूम सोडला होता.

पहिल्या दिवशी जिना, गच्चीचा कठडा आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या यांना कामाला लावलं. ''रेषा आपल्या नजरेला कुठेतरी घेऊन जाते,'' मी मुलांना सांगितलं. ''कुठे नेते ते आधी बघा, मग बटण दाबा.'' मुलांनी एवढं मनावर घेतलं की संध्याकाळपर्यंत रेषाच रेषा झाल्या, पण त्यांच्या टोकाला कोणीच नाही. एका फोटोत दोरीच्या टोकाला शेजाऱ्यांचा लेंगा तेवढा होता.

वर्गात पूर्वा नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. उरणच्या बाजूच्या एका गावातून वडिलांच्या मोठ्या गाडीतून यायची. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ घुटमळली.

''मॅडम, मला माझ्या आज्याचा (आजोबांचा) फोटो काढायचाय. आगरात (मिठागरात) काम करताना. पावसाळ्यानंतर तिथे भराव पडणार. मग गोदाम होणार.''

''मग काढ की!''

''कॅमेरा दिसला की तो शर्ट बदलायला जातो. आमच्याकडे त्याचे सगळे फोटो लग्नांतलेच हायत.''

दुसऱ्या दिवशी सगळी वरात मिठागरावर नेली. चिखलाचे बांध सरळ लांबवर गेलेले, मधल्या चौकोनांत पाणी आणि पांढरं मीठ. रेषा शिकवायला देवाने आखून दिलेली वहीच! आणि बांधावर आजा उभा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी, डोळ्यांवर गॉगल. मीठ ओढायची लांब दांड्याची फळी धुऊनपुसून खोपीला टेकवलेली.

''पावनं येनार म्हनून सकालीच सगला काम उरकला,'' आजा अभिमानाने म्हणाला. पूर्वाचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं, पण तेवढ्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे आली. भूक लागली होती. खोटं कशाला बोलू, दोन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवणानंतर आजा झेंडावंदनाला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. पूर्वाने कॅमेरा उचलला, पुन्हा खाली घेतला.

''आज्या, जरा वाक ना. रोज मीठ ओढतोस तसा.''

''फोटोत वाकतात काय कुनी? आमी काय भीक मागतो?''

पूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मी तज्ज्ञपणा करायला पुढे सरसावले. ''बघा मुलांनो, दोन पावलं मागे आलं की रेषा कशा एकत्र येतात...'' दुसरं पाऊल बांधाच्या काठावर पडलं. काठ ढासळला आणि मी थेट पाण्यात बसले. फुटलेल्या जागेतून शेजारच्या चौकोनातलं, अजून मीठ न धरलेलं कच्चं पाणी तयार मिठात घुसायला लागलं.

''अरं, मीठ गेला!'' आजा ओरडला आणि आहे तसा चौकोनात उतरला. गॉगल कुठेतरी उडाला. मला एका हाताने बाजूला सारून, वाकून, तो ओंजळीने चिखल उचलत, थापत, भगदाड बुजवू लागला. पोरं माझ्याकडे बघून खिदळत होती. पूर्वा मात्र बांधावर पालथी पडली होती, कॅमेरा अगदी जमिनीलगत.

पाणी थांबलं तेव्हा आज्याचा शर्ट कमरेपर्यंत काळा झाला होता. पूर्वाने भीतभीतच फोटो दाखवला. सगळे बांध धावत येऊन वाकलेल्या आज्याच्या हातांपाशी मिळत होते.

''शर्टाची पार वाट लागली,'' तो म्हणाला. मग डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला. ''पन आगर बरोबर आलाय.'' आणि नातीला म्हणाला, ''ह्योच मोठा करून आन. बैठकीत लावू.''

परतीच्या गाडीत मांडीवर आज्याने दिलेली जाड्या मिठाची पिशवी होती आणि साडीला चिखलाचा वास. मी मुलांना रेषा शोधायला शिकवलं होतं. टोकाला कोण हवं, ते पूर्वाला घरूनच ठाऊक होतं. मला त्या पोरीचा फार हेवा वाटला.

दिवाळीच्या सुमारास मंजूचा फोन आला. भराव पडला होता. बैठकीतला लग्नाचा फोटो उतरवून तिथे पूर्वाचा फोटो लागला होता. आजा घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यापुढे उभं करतो, काचेवर बोट फिरवत कुठला बांध कुठे जायचा ते सांगतो, आणि शेवटी बोट आपल्या हातांपाशी थांबवून म्हणतो, ''आनि हितं पुन्याच्या मॅडम पडल्या.''