तिघांत एक पत्र

एखादी बातमी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाला सांगणं आमच्या सारंगखेडावाल्याला उभ्या जन्मात जमलं नाही. तो खोटं बोलत नसे आणि काही लपवतही नसे. निम्मं सांगून उठायचा, आणि उरलेलं निम्मं पुढे जो भेटेल त्याच्या पदरात टाकायचा. तेव्हा आमचा भाग पश्चिम खानदेशात मोडायचा आणि आम्ही धुळ्याला कॉलेजात शिकत होतो. वसतिगृहात जो तो गावाच्या नावानं ओळखला जाई. हा सारंगखेडावाला, मी खांडबारावाला, आणि आमच्यातला तिसरा म्हसावदचा भगवान. एकदा रेक्टर जिना चढताना यानं पाहिले आणि सगळ्यांना सावध करायला धावत आला. आमच्या खोलीत डोकावून "रेक्टर" एवढंच म्हणाला आणि गेला. शेजारच्या खोलीत जाऊन "वर येताहेत" म्हणाला. शेजारच्यांना वाटलं भजी येताहेत, ते ताटल्या घेऊन दारात उभे राहिले. मला वाटलं रेक्टर वारले, म्हणून मी टोपी काढून बाहेर आलो. रेक्टरांनी आम्हा सर्वांकडे पाहिलं आणि ते आल्या पावली खाली गेले. परीक्षेतसुद्धा त्याची ही खोड सुटली नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर सोडून त्यानं खाली लिहिलं होतं, 'उरलेले पाचव्या प्रश्नात पाहावे.' प्रोफेसरांनी पाचव्यात पाहिलं, तर तिथे ते खरंच होतं, फक्त मग पाचव्याचं उत्तर कुठे गेलं ते कोणालाच सापडलं नाही. गुण मात्र मिळाले. मी बरेचदा चिडून त्याला विचारलं, की बाबा रे, तुला पुरं बोलायला होतं काय? तो शांतपणे म्हणाला, "सगळं सांगी टाकं का माणूस उठी जास. निम्मं ऱ्हायनं ते बठी ऱ्हास." म्हणजे समोरच्याला बसवून ठेवायला हा निम्मं राखून ठेवायचा.

त्याच्या घरचं म्हणाल तर तापीकाठची गुजरांची शेती, केळी आणि कापूस. वडील लहानपणीच गेलेले. घरात एकटी माय आणि शेतावर एक जुना सालदार गडी. मायचा सख्खा भाऊ तरुणपणी आफ्रिकेत मोंबासाला गेला होता आणि तिथे त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. आमचं शेवटचं वर्ष उरलेलं असताना या मामांनी भाच्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावून घेतलं. मार्चअखेर परीक्षा झाली आणि स्वारी मुंबईहून बोटीनं निघाली. आमच्यापैकी कोणी सुरतेपलीकडे गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिघांचाही जीव वरखाली होत होता. मी त्याला बजावलं, की हे बघ, तिथून पत्र लिहिशील ते तरी धड लिही. त्यानं मान डोलावली. त्याचं मान डोलावणंही अर्ध्यावरच थांबलं होतं, पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

एप्रिलच्या शेवटी खांडबाऱ्याला माझ्या नावानं निळं हवाई पत्र आलं. माझे वडील तिथे स्टेशनवर नोकरीला होते, त्यामुळे पत्र माझ्या हाती पडण्याआधी ते स्टेशनातल्या सगळ्यांनी उलटंपालटं करून पाहिलं होतं. मी उघडलं, तर पहिलाच शब्द 'हत्ती.' पुढे लिहिलं होतं, 'असा मोठा, की मामा बघून खालीच बसले. बाकी सर्व क्षेम. तुमचा,' आणि सही. वर ना तारीख, ना नमस्कार. मी तीन वेळा वाचलं, उलटं करून पाहिलं, उजेडासमोर धरलं. वडील म्हणाले, "पोराला तिकडचं ऊन बाधलं." मी भगवानला कार्ड टाकलं, की आपल्या मित्राचं डोकं ठिकाणावर आहे का? त्याच दिवशी त्याचं कार्ड मला आलं, नेमका हाच प्रश्न विचारणारं. त्याच्याकडे आलेलं पत्र नमस्कारानं सुरू होऊन 'मामांनी परवा दुकानासाठी एक' इथे संपलं होतं. भगवाननं पुढे लिहिलं होतं, मायलाही एक पत्र आलंय असं ऐकतो, तू दोंडाईच्यापर्यंत गाडीनं ये, मी सायकलवर सारंगखेड्याला पोचतो.

गेलो. दोंडाईच्याला उतरून मिळेल त्या बैलगाडीनं तापीकाठ गाठला, नावेनं नदी ओलांडली आणि भर दुपारी मायच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. भगवान आधीच खाटेवर पसरला होता. अंगणभर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले होते आणि माय काठी घेऊन कावळे हाकत होती. तिला वाचता येत नव्हतं. शेजाऱ्यांनी तिचं पत्र वाचून दाखवलं होतं, पण त्यातून कोणालाच काही बोध झाला नव्हता. मी आधी भगवानचं वाचलं आणि त्याला माझं जोडलं. 'मामांनी परवा दुकानासाठी एक हत्ती. असा मोठा, की मामा बघून खालीच बसले.' माय काठी टेकून खाली बसली. "मन्हा भाऊ लहानपणपासून असाच शे," ती म्हणाली. "पण त्या हत्तीले खावाले काय टाकस तो?" यावर आम्ही अर्धा तास गंभीरपणे चर्चा केली. केळीचे खांब तिकडे मिळतात का, हे भगवानला भूगोलात आठवेना. मग कधीतरी मायचं पत्र मध्ये घालून पाहिलं, तेव्हा खुलासा झाला. मामांनी एक जुनी मोटार घेतली होती, तिच्यातून ते फिरायला गेले, आणि वाटेत जो आडवा आला तो हत्ती होता. मायला मोटारीचं काहीच वाटलं नाही. पुढेही ती आल्यागेल्याला भावाच्या हत्तीबद्दलच सांगत राहिली.

मग तो परिपाठच झाला. दर दहा-बारा दिवसांनी तीन तुकडे यायचे, क्रम दर वेळी वेगळा, आकडा कशावरही नाही. आम्ही सारंगखेड्याला जमायचो, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खायचो, बिबडे उलटायचो, कावळे हाकायचो, आणि त्याच्या पत्राचे तुकडे खाटेवर मांडून भांडायचो. एकदा आमच्या वाचण्यात त्याचं दुकानातल्या तराजूशी लग्न लागलं होतं. माय हसून डोळे पुसायची आणि म्हणायची, "आजून एक डाव वाच." मला घरी बोलणी बसत, की सुट्टीत पोरगा घरी म्हणून टिकत नाही. खरं सांगतो, तीन वर्षं एका खोलीत राहून त्या भगवानशी मी जेवढा बोललो नव्हतो, तेवढा त्या दोन महिन्यांत बोललो.

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या पत्रानं मात्र आमची पार दैना केली. भगवानच्या तुकड्यात होतं, 'मामा म्हणतात इथेच राहा. धंदा सांभाळायला त्यांना कोणी नाही. मी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं की'. माझ्या तुकड्यात होतं, 'त्या दिवशी दोंडाईचा स्टेशनवर बैलगाडी आणा. वसतिगृहातली माझी खाट कोणाला दिलीत तरी चालेल. रागावू नका.' मधला तुकडा मायचा. आम्ही तो मागितला, तर ती म्हणाली, "माले नही ऊनं." तिला म्हणे आलाच नव्हता. भगवानचं म्हणणं, तो येतोय, नाहीतर गाडी कशाला मागवेल? माझं म्हणणं, तो येत नाही, नाहीतर खाट कशाला सोडेल? भगवान म्हणाला, मग गाडीत काय खाट घालून पाठवणार आहे का? आमचा आवाज चढला. माय चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं न वळता विचारलं, "येई का नही, तेवढं सांगा." मला ठाऊक नव्हतं, आणि मलाही तेच हवं होतं, की त्यानं यावं, शेवटचं वर्ष आमच्याबरोबर काढावं. मी म्हटलं, "येईल ना, माय." भगवाननं माझ्याकडे असं पाहिलं की मी भाकरीकडे पाहायला लागलो.

पण तारीख? ती मधल्या तुकड्यात. मग सालदार रोज बैलगाडी जुंपून नदीच्या उतारातून पलीकडे दोंडाईच्याला जायचा, आगगाडी येऊन गेली की रिकामा परतायचा. असे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी बैलांनीच बसकण मारली. त्या दिवशी मी आणि भगवान तिथेच होतो. दुपारी आमचा सारंगखेडावाला डोक्यावर ट्रंक घेऊन, घामाघूम होऊन अंगणात उभा. "तुम्ही कोठे व्हतात? तारीख लिखेल व्हती ना," म्हणाला. आम्ही म्हटलं, मायचा तुकडा आलाच नाही. तेव्हा माय उठली, आत गेली, आणि ज्वारीच्या कोठीतून ते निळं पत्र काढून आणलं. ते न फोडलेलं होतं. मी थक्क होऊन म्हटलं, माय, हे आलं होतं? ती म्हणाली, "त्यामा 'मी येस नही' असं लिखेल व्हतं तं मंग?"

त्यानं ते स्वतः फोडलं आणि तिच्यासमोर बसून वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तो काहीतरी पुरतं वाचत होता. लिहिलं होतं, की अमक्या तारखेला मी येतोय, पण मायला घेऊन जायला. शेत गावातल्या काकांकडे देऊ. कॉलेज सोडतो. मायनं नको म्हटलं तर मीही जाणार नाही. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत बसलो. तिनं उठून अंगणातले दोन बिबडे उलटले. मग म्हणाली, "तठे जवारी भेटस का?" तो म्हणाला, मक्याचं पीठ भेटतं. "चालई," ती म्हणाली. आठ दिवसांत दोघंही गेली. गाडी सुटली तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला, आणि रागावू नका असं त्यानं आधीच लिहून ठेवलेलं असल्यामुळे धड रागावताही येईना.

त्यानंतर त्याची पत्रं पूर्ण यायला लागली. वर तारीख, नमस्कार, मामांची तब्येत, दुकान, पाऊस, सगळं ओळीनं. मी ती वसतिगृहात असेन तर जिन्यातच, खांडबाऱ्याला असेन तर फलाटावरच वाचून टाकायचो. भगवानलाही तशीच पूर्ण पत्रं यायची. सुट्टीत एकमेकांकडे जायचं आम्हाला काही कारण उरलं नाही, आणि कॉलेज संपल्यावर तर वर्षभर गाठ पडली नाही. मग एका पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली, त्यानं एक ओळ लिहिली होती. 'माय इचारस, त्या दोन्ही पोरे आते कोठे जेवतस.'

उत्तर लिहायला बसलो. माझं लिहिलं, आणि भगवानचं काय लिहावं ते मला ठाऊक नव्हतं. निम्मं पत्र तसंच कोरं ठेवून घडी घातली, खिशात टाकलं आणि म्हसावदला जायला निघालो.